कुलूपबंद धडे

१

"चौसष्टच्या चौसष्ट धडे गेले," असं किसनराव राऊत फोनवर तीनदा म्हणाले, आणि तिन्ही वेळा रागिणी वानखडेने एकच विचारलं.

"बॅकअपची डिस्क कुठे आहे, काका?"

"काँप्युटरलेच लावून आहे ना. तुमीच तं म्हटलं होतं, बॅकअप ठेवा."

रागिणीने डोळे मिटले. "मी म्हटलं होतं, काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा."

"हो का," किसनराव म्हणाले. "मंग तिच्यातलंही गेलं असंल."

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारात रागिणीचं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सतरा वर्षं ती गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आली होती, की चोरीचं सॉफ्टवेअर मी टाकून देत नाही आणि तुम्हीही टाकू नका. सतरा वर्षं गिऱ्हाइकं मान डोलावत आणि तेच काम दोन दुकानं पलीकडे जाऊन करून घेत. मग काँप्युटर बसला की तो उचलून परत तिच्याकडे. आताही समोर एक जण लॅपटॉप घेऊन उभा होता, त्याला मारामारीचा एक नवा गेम 'असाच कुठूनतरी' टाकून हवा होता. रागिणीने त्याला हाताने दार दाखवलं, शटर अर्धं ओढलं आणि स्टेशन गाठलं.

अमरावतीचं 'कानोसा' हे श्राव्य ग्रंथालय होतं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. मोर्शीपासून नांदगाव खंडेश्वरपर्यंत सदतीस मुलंमुली यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्यांचा इतिहास नि समाजशास्त्राचा सगळा अभ्यास या चौसष्ट धड्यांवर उभा होता. धडे जवळजवळ सगळे तपासून झाले होते, पण पाठवायचे होते या आठवड्यात. परीक्षा चौदा दिवसांवर.

किसनराव फाटकातच उभे होते. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक, ग्रंथालयाचे अध्यक्ष. रागिणी चप्पल काढते न काढते तोच म्हणाले, "चोर सापडला आहे. फक्त तुमी कागदावर लिहून द्या."

२

काँप्युटरच्या पडद्यावर लाल चौकट होती. तुमच्या फाइलींना कुलूप लागलं आहे, किल्ली हवी तर पैसे भरा, असं इंग्रजीत. रागिणीला हे चित्र पाठ होतं. पैसे भरायचे नाहीत आणि सायबर पोलिसांत आजच तक्रार द्यायची, हे तिने किसनरावांकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग कीड आत आली कुठून ते पाहायला बसली.

अर्ध्या तासात तिला ते दिसलं. आवाज रेकॉर्ड करायचं जे सॉफ्टवेअर रोज वापरात होतं, ते चोरीचं होतं. कुणीतरी इंटरनेटवरून कुलूप तोडलेली प्रत, म्हणजे क्रॅक, आणून बसवली होती. बसवताना विषाणू पकडणारा पहारेकरी मुद्दाम बंद केला होता, आणि त्या प्रतीच्या पोटातून कीड आली होती. दोन-तीन महिने गप्प बसून तिने शनिवारी आपलं काम केलं होतं.

"धर्मेंद्र," किसनराव म्हणाले. "धर्मेंद्र तायडे. आपला रेकॉर्डिंगवाला. मागे त्यानं याच काँप्युटरवर फुटबॉलचा गेम टाकला होता, तोही असाच फुकटचा. मी त्याले तवाच तंबी देल्ली होती. आज सकाळीच घरी बसवला."

"विचारलं त्याला?"

"विचारायचं काय त्यात? ग्रुपवर टाकून देल्लं."

रागिणीने ग्रुप पाहिला. सेवाभावी वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर माणसं होती, आणि सकाळी अकरा वाजता तिथे धर्मेंद्रचं नाव, आडनाव आणि 'यांच्या चोरट्या सवयीमुळे' असे शब्द जाऊन बसले होते.

"काका, एक सांगा. तुम्ही सॉफ्टवेअर विकतच घेतलं नव्हतं का?"

"घेतलं ना. गेल्या दिवाळीत. एका बँकेनं देणगी देल्ली होती त्याच्यातून." किसनरावांनी कपाट उघडून लायसन्सचा कागद काढला. अस्सल होता. एकाच काँप्युटरवर चालणारं, तीन वर्षांची मुदत असलेलं लायसन्स.

रागिणीला राग यायच्या ऐवजी आता कोडं पडलं. हक्काचं सॉफ्टवेअर घरात असताना कोणी चोरीचं आणून का बसवेल? तिने कागदावरचा ई-मेल वापरून कंपनीच्या संकेतस्थळावर ग्रंथालयाचं खातं उघडलं. पासवर्डही किसनरावांनी त्याच कागदावर पेनाने लिहून ठेवला होता.

"हे लायसन्स चालू आहे, काका," ती सावकाश म्हणाली. "एका काँप्युटरवर बसवलेलं आहे. शेवटचं वापरलं काल, रविवारी, दुपारी चार वाजता."

"काल तं ग्रंथालय बंद होतं."

"म्हणूनच सांगून राहिली. तो काँप्युटर हा नाही."

३

म्हणजे चोरी दोन पायऱ्यांची होती. कोणीतरी ग्रंथालयाचं खरं लायसन्स इथून उतरवून आपल्या काँप्युटरवर नेलं. आणि इथे ते नसल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जागेवर चोरीची प्रत ठेवून दिली. बाहेरून दोन्हींचा चेहरा सारखाच.

धर्मेंद्र राजापेठेत राहायचा. त्याने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही.

"गेम टाकला होता, होय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "चार वर्षं झाले त्याले. मायी चूक होती. तवापासून मी मोबाईलवरही फुकटचं काही घेतलं नाई. पण बोट कोणाकडे जाईन, हे मले आज सकाळी पडदा पायला तवाच समजलं होतं."

"सॉफ्टवेअरमध्ये काही बदल झालाय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पाच फेब्रुवारीले. बहिणीच्या लग्नासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा मी मोर्शीले होतो. आल्यावर पायलं तं आवाज साफ करायचं बटण चालेना. ते बटण इंटरनेटवरून कंपनीले विचारून चालते, खरं लायसन्स असलं तरच. मी राऊत सरायले सांगितलं."

"तोंडी?"

"व्हॉइस मेसेज टाकला. हा पाहा."

रागिणीने पाहिलं. पाच फेब्रुवारी, दीड मिनिटाचा संदेश. त्याच्यापुढचं चिन्ह सांगत होतं की तो अजून कोणी ऐकलेला नाही. श्राव्य ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी अडीच महिने एक आवाज ऐकला नव्हता. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने किसनरावांना फोन लावला आणि आवाज चढू न देता विचारलं, "जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, धर्मेंद्र सुट्टीवर असताना स्टुडिओ उघडला होता का?"

"दोनदा. एकदा आपल्या वाचक पौर्णिमाताईनं येऊन त्यायचा स्टुडिओतला शेवटचा धडा रेकॉर्ड केला. मी किल्ली देल्ली अन् बँकेत गेलो, त्यायनं एकटीनंच केला बिचारीनं. अन् एकदा मायाच पुतण्या आला होता, शिवम. माईकची वायर न्यायले."

"हा शिवम करतो काय?"



"लग्नाचे व्हिडिओ," ते म्हणाले. "त्याले हेच सॉफ्टवेअर लागते."

४

शिवम राऊतचं दुकान बडनेरा रोडवर होतं. दोन मोठे पडदे, दोन्हींवर हळदीची गाणी. रागिणीने आडवळण न घेता विचारलं. शिवम रागावला नाही. खुर्ची फिरवून त्याने पडदाच तिच्यापुढे केला.

"पाहून घ्या."

तिने पाहिलं. तेच सॉफ्टवेअर, आणि क्रॅक. शेजारी व्हिडिओ जोडायचं, तेही क्रॅक. फोटोचं, अक्षरांचं, सगळं तसंच. एका कोपऱ्यात तीन गेम.

"बारा वर्षं झाले, मॅडम," शिवम म्हणाला. "मी काहून कोणाचं लायसन्स चोरू? मले क्रॅक फुकटात भेटते. लायसन्स घेऊन मी काय पूजेत ठेवू?"

"उद्या इथेही लाल चौकट आली तर? लोकांची लग्नं आहेत त्यात."

"येईल तवा पाहू."

त्याला दोन शब्द सुनवायचे रागिणीच्या अगदी ओठांवर आले होते, पण ती तशीच पायऱ्या उतरली, कारण त्याच्या बोलण्यात एक खिळा होता आणि तो तिला रुतला होता. बरोबरच होतं त्याचं. ज्याला चोरीच्या सॉफ्टवेअरची लाज नाही आणि भीतीही नाही, तो खऱ्याच्या मागे लागेलच कशाला? ग्रंथालयात क्रॅक बसवायला ज्याला जमलं, त्याला तोच क्रॅक स्वतःच्या काँप्युटरवर बसवून मोकळं होता आलं असतं. लायसन्सला हात लावायचीही गरज नव्हती. तरी त्याने एवढा खटाटोप केला. म्हणजे हे काम अशा माणसाचं होतं, ज्याला चोरीचं सॉफ्टवेअर आपल्या काँप्युटरवर नको होतं. ज्याला त्याची भीती ठाऊक होती.

अशी भीती बाळगणारं माणूस सतरा वर्षांत रागिणीला क्वचित भेटलं होतं. आणि जे आता भेटणार होतं, ते नेमकं चोर निघावं, याचा तिला मनस्वी वैताग आला.

५

नीलम सिरसाट स्टुडिओशेजारच्या खोलीत बसली होती. ती जन्मापासून पाहू शकत नव्हती. रेकॉर्ड झालेला प्रत्येक धडा ती ऐकायची, चुका टिपायची, आणि तिच्या 'चालेल'शिवाय धडा पुढे जात नसे. सदतीस परीक्षार्थींतली एक ती स्वतः होती.

"मी आठवून अभ्यास करीन," ती रागिणीला म्हणाली. "मी दोन-दोनदा ऐकले आहेत. बाकीच्यायनं एकदाही नाई."

"फेब्रुवारीनंतरच्या धड्यांत काही वेगळं होतं?"

"स्टुडिओतल्या धड्यायत घूं असा आवाज यायले लागला. तो स्टॅबिलायझरचा. आधी तो साफ होऊन यायचा. मी लिहून देल्लं होतं, कोणी पायलं नाई."

"आणि घरून वाचून पाठवतात त्यांचे?"

"तिघं जण पाठवतात. दोघायच्या धड्यात सगळं घर असते. पंखा, कुकर, भाजीवाला. पौर्णिमाताईचे मात्र साफ. मार्च-एप्रिलातलेही."

"एवढं ऐकू येतं?" रागिणीने विचारलं, तशी नीलम थोडी चिडून म्हणाली, "मले काही जादूचे कान नाईत, ताई. इअरफोन लावला तं कोणालेही ऐकू येईन. तपासलेल्या धड्यायच्या कॉप्या मी ठेवत नाई, पण कालचा एक मोबाईलमध्ये राहून गेला आहे."

रागिणीने इअरफोन लावला. पौर्णिमाताईंचा आवाज आला, समाजशास्त्राचा एकोणिसावा धडा वाचणारा. संथ, स्वच्छ आवाज. दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. विहिरीच्या तळाशी असतं तसं काहीच नाही.

"हा कधी रेकॉर्ड झाला?"

"काल. रविवारी. आधीच्यात एक चूक होती म्हणून ताईनं पुन्हा वाचला, संध्याकाळी पाच वाजता आला मले."

६

पौर्णिमा गावंडे अकोल्याला जठारपेठेत राहायच्या. मंगळवारी दुपारी रागिणी त्यांच्या दारात पोचली तेव्हा उन्हाने डांबर मऊ झालं होतं. पारा चव्वेचाळीसवर होता.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत पलंगावर पौर्णिमाताईंच्या सासूबाई निजून होत्या. जानेवारीत त्यांना लकवा झाला, तेव्हापासून, एक खेप सोडली तर, ताईंचं अमरावतीला जाणं थांबलं होतं. खिडकीत दाराएवढा कूलर बसवला होता आणि तो असा घोंगावत होता की रागिणीला आपलं नाव दोनदा सांगावं लागलं.

"बंद करता येत नाही हो," ताई म्हणाल्या. त्या मराठीच्या शिक्षिका, शब्द नीट जागच्या जागी ठेवणाऱ्या. "डॉक्टरांनी बजावलंय. सकाळी नऊला लावला की रात्रीपर्यंत चालू."

"मग वाचन कुठे करता?"

"स्वयंपाकघरात. मोबाईल ओट्यावर ठेवते, वाचते, आणि आहे तसं पाठवून देते. मला त्या काँप्युटरमधलं काही कळत नाही."

रागिणी स्वयंपाकघरात गेली. मध्ये दार नव्हतं, पडदा होता. कूलरचा आवाज इथेही तितकाच होता, ताटं बारीक थरथरत होती. तिने आपला मोबाईल ओट्यावर ठेवला, वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचल्या आणि रेकॉर्डिंग लावून ताईंना ऐकवलं. कूलर ऐकू आला. चार ओळी शोधाव्या लागल्या.

ताईंनी नजर खाली केली.

"तुमच्या परवाच्या धड्यात कूलर नाही, ताई," रागिणी म्हणाली. "एप्रिलमधल्या अकोल्यात दुपारी चार वाजता कूलर नाही. तो कोणीतरी साफ केलाय. मोबाईलवरून आहे तसा धडा असा येत नाही. दुसरं, जानेवारीत स्टुडिओत तुम्ही एकट्यांनी धडा रेकॉर्ड केला. काँप्युटरमधलं काही कळत नाही त्या माणसाला ते कसं जमलं? किल्ली तुमच्याकडे होती आणि पासवर्ड कपाटातल्या कागदावर. आणि रविवारी चार वाजता लायसन्स वापरलं गेलं, पाच वाजता तुमचा धडा नीलमकडे पोचला. तुमचा लॅपटॉप पाहू का?"

पौर्णिमाताईंनी पिठाच्या डब्यामागून लॅपटॉप काढला आणि मुकाट्याने समोर ठेवला.

"काहून केलं?"

"किसनराव म्हणाले, घरून चांगलं येत नाही, दुसरी वाचक पाहतो." ताई पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. "सोळा वर्षं वाचतेय मी तिथे. दिवसभर या घरात औषध, बेडपॅन, औषध. तो एक तास वाचते तेवढाच माझा. एका व्हिडिओत दाखवलं होतं, लायसन्स कसं हलवायचं आणि जुन्या जागी क्रॅक कसा ठेवायचा. मला वाटलं, काम तर दोन्हीकडे चालेल. मग कोणाचं काय गेलं?"

"तो क्रॅक तुमच्याच लॅपटॉपवर का नाही टाकला?"

"त्यात विषाणू असतात म्हणतात," ताई हळू म्हणाल्या. "यात मुलीचे फोटो आहेत. सासूबाईंचे सगळे रिपोर्ट आहेत."

"आणि तिथे पोरांचे धडे होते."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी अस्पष्ट हाक मारली. ताई गेल्या, त्यांना पाणी पाजून कुशीवर वळवून परत आल्या. तोवर रागिणीने लॅपटॉपवरून ग्रंथालयाचं लायसन्स उतरवून टाकलं होतं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी उघडून ठेवलं होतं. तिने मघाच्या चार ओळी त्यात घातल्या, दोन बटणं दाबली आणि पुन्हा ऐकवल्या. कूलर जवळजवळ गेला होता.

"हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. फुकट. कायदेशीर फुकट. ज्यांनी बनवलं त्यांनीच सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय, त्यांच्या स्वतःच्या साइटवर. बसवायला दहा मिनिटं लागतात." रागिणीचा आवाज आता चढला, तिला आवरेना. "आमच्याच गावात राहता तुम्ही. एक फोन केला असता कोणालेही. मले, धर्मेंद्रले. दहा मिनिटाचं काम होतं, ताई."

चोरी उघडी पडली तेव्हा पौर्णिमाताई रडल्या नव्हत्या. आता त्या ओट्याला टेकून खाली बसल्या आणि रडू लागल्या.

७

ताईंनी वाचलेले अठरा धडे त्यांच्या लॅपटॉपवर शाबूत होते. घरून वाचणाऱ्या बाकी दोघांनी आपले धडे पाठवून झाल्यावर मोबाईलमधून पुसून टाकले होते. शेहेचाळीस नव्याने वाचायचे होते आणि हातात तेरा दिवस होते.

किसनराव धर्मेंद्रच्या घरी गेले. तो म्हणाला, माफी नको, ज्या ग्रुपवर नाव टाकलं त्याच ग्रुपवर काढा. ते त्यांनी तिथेच उभं राहून लिहिलं, आणि चार वर्षांपूर्वीच्या गेमचा उल्लेख धर्मेंद्रने त्यांना खोडायला लावला. मग तो कामावर आला. काँप्युटर पुसून कोरा केला, खरं लायसन्स बसवलं, दोन डिस्का घेतल्या आणि रोज संध्याकाळी एक काढून घरी नेऊ लागला. पौर्णिमाताईंना पुन्हा वाचू द्यावं का, हे ठरवणं किसनरावांनी नीलमवर सोडलं.

"मले त्यायचा आवाज नको आहे," नीलम म्हणाली. "पण त्यायच्याइतकं जलद अन् स्वच्छ कोणी वाचत नाई. येऊ द्या."

ताईंनी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं आणि रोज सकाळच्या गाडीने अमरावतीला यायला लागल्या. इतर वाचक आले, किसनराव स्वतः वाचायला बसले. रागिणीनेही दुकान बंद ठेवून दोन धडे वाचले, त्यातला एक नीलमने तीनदा परत पाठवला. ताईंशी कोणी फारसं बोलत नसे. धर्मेंद्र काचेपलीकडून हाताने खूण करायचा, त्या वाचायला लागायच्या.

शेवटचा धडा बाराव्या दिवशी दुपारी संपला. पौर्णिमाताई स्टुडिओतून बाहेर आल्या आणि नीलमच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. नीलम इअरफोन लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने इअरफोन काढले.

"नीलम," ताई म्हणाल्या, "मी तुझी माफी मागायला..."

"पान एकशे बारावर तुमी एक ओळ गाळली," नीलम म्हणाली. "स्थलांतराच्या परिच्छेदात. एका वाक्याचा अर्थच लागत नाई."

ताईंनी पुस्तक उघडलं. खरंच गळली होती.

"उद्या पेपर आहे," नीलम म्हणाली. "तेवढं नीट वाचून द्या."

पौर्णिमाताई वळल्या, परत काचेच्या आत गेल्या आणि माईकसमोर बसल्या. धर्मेंद्रने हात वर केला.